रबर खाचेत बसेपर्यंत

३ मार्च, सकाळी ७
काल मुलाचा फोन. एकोणतीसला येतोय, चार दिवस राहणार. मी म्हटलं, या वेळी मीपण तुझ्याबरोबर समुद्रात उतरणार, मासे मारायला. तो म्हणाला, बघू बाबा. म्हणजे ठरलं. इथे होता तेव्हा दर रविवारी विचारायचा, आणि मी दर रविवारी सर्दी सांगायचो. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेल्याला आठ वर्षं झाली. आता सर्दी नाही.
त्याची स्पिअरगन, म्हणजे रबराच्या ताणाने सळई सोडणारी मासे मारायची बंदूक, कपाटावरून काढून पुसली. लोड करायला शिकायचं. आठवडा पुष्कळ झाला.

४ मार्च
कपाटाच्या दाराला आतून मुलाच्या अक्षरात चिठ्ठी: पाण्याबाहेर लोड करायची नाही. आपण नियमाचे. बाथरूममध्ये कपड्यांचा टब भरला आणि त्यात उभा राहिलो. पाणी घोट्यापर्यंत. गनमधल्या सळईचं टोकदार पातं आधीच काढून साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय. दांडा छातीला टेकवायचा, दोन्ही हातांनी रबर ओढायचं, रबराच्या मधली तार सळईच्या खाचेत अडकवायची. शाळा सातवीत सुटली, तरी एवढं कळतं. रबर वीतभर आलं. खाच अजून दोन विती लांब. पहिल्याच दिवशी एक तृतीयांश काम!

५ मार्च
छातीवर बशीएवढा काळानिळा डाग. आत काही तुटलं तर नसेल? मुलाच्या शाळेच्या जुन्या पुस्तकातल्या हाडांच्या चित्रावरून मोजली. सगळी आहेत.
छातीला उशी बांधली, हिच्या शालीने. ही असती तर म्हणाली असती, आधी पोहायला शिका. पोहणं शेवटच्या आठवड्यात उरकून टाकू.

९ मार्च
खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई आल्या. दार मी दिवसा उघडंच ठेवतो, कोणी आलं तर बरं. त्यांच्या मशीनवर छतातून पाणी गळतंय म्हणे. मी टबात, छातीला उशी, हातात गन. म्हणाल्या, अहो आजोबा, हे काय चाललंय? म्हटलं, मुलगा येतोय. म्हणाल्या, मग घर आवरा की!
बाईमाणसाला यातलं काय कळणार. तरी त्यांना चहाला थांबा म्हटलं. थांबल्या नाहीत.

१४ मार्च
मुलाला फोन केला. मीटिंगमध्ये होता. विचारलं, केवढा मासा धरायचा? तो म्हणाला, बाबा, गुडघे कसे आहेत? म्हणजे मला किती खोल न्यायचं याचा अंदाज घेतोय. पोरगं विचारी आहे. गुडघे उत्तम म्हणून सांगितलं.
उजवा बसताना वाजतो. फोनवर ऐकू जात नाही.

१९ मार्च
रबर दोन विती! ताकद रोज वाढतेय. शर्टाच्या बाह्यासुद्धा घट्ट होतात. शर्ट धुऊन आटला असेल, पण इतका कसा आटेल?
पोहणं राहिलं. वादळी हवेत उगाच धोका नको. हवा तशी स्वच्छ आहे, पण सांगता येत नाही.

२५ मार्च, दुपारी २
सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी रबर खाचेत बसलं. खट्! एवढा आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.
मग लक्षात आलं, काढायचं कसं ते चिठ्ठीत नाही. लोड केलेली गन घेऊन पाण्याबाहेर यायचं नाही. खाली ठेवायलाही भीती. उभा राहिलो. साडेदहाला बाहेरच्या खोलीत फोन वाजला. मुलाचाच असणार. पूर्ण वाजून थांबला. परत वाजला. मी टबातून हाका मारल्या.
बाराच्या सुमारास शिलाईवाल्या बाई आल्या. पाण्यासाठी भांडायला आल्या होत्या, पण बघून तशाच मागे फिरल्या. कोपऱ्यावरच्या डायव्हिंगच्या दुकानदाराला बोलावून आणलं. त्याने एका हाताने तार काढली. अगदी एका हाताने! म्हणाला, आजोबा, रबर मेलंय. सात-आठ वर्षं कोणी हात लावला नाही की असं होतं. तडे बघा. तुम्ही रोज ओढून होतं तेवढंही ढिलं केलंत.
बाई म्हणाल्या, पाय पुसा आधी, गारठलेत.

२५ मार्च, संध्याकाळी
मुलाला फोन लावला. ऑफिसमधून सुट्टी मिळत नाही, येणं जमत नाही. म्हटलं, अरे, मी लोड केली. म्हणाला, काय लोड केलं? सांगितलं. म्हणाला, बाबा, ते मी कधीच सोडलं, कान दुखायचे. ती गन देऊन टाका कुणाला तरी.
मग समुद्राचं कसं, विचारलं. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.

२६ मार्च
दुकानदाराने नवं रबर बसवून दिलं. टब भरला नाही, बाईंचं मशीन भिजतं. बादलीत उभा राहिलो.
रबर चार बोटं आलं.
बघू म्हणजे बघू.