दुसऱ्या बाकावरची गैरहजर

१२ नोव्हेंबर, मंगळवार
दारावर यादी लागली. माझ्या नावापुढे तीन गैरहजेऱ्या! या सत्रात मी एकही तास बुडवलेला नाही. दुसऱ्या बाकावर, खिडकीशी, मीच तर असते.

तीन झाल्या की रसायनशास्त्राचे रांगेलोव सर सही देत नाहीत. सही नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

हे झालं कसं, ते घरी चहा गाळताना लक्षात आलं. सर कधीकधी फळ्यावर लिहिता लिहिताच हजेरी घेतात. पाठ आमच्याकडे. ओठ दिसत नाहीत. 'स्नेझिना' हे माझं नाव येतं, जातं — मला पत्ताच नाही.

१३ नोव्हेंबर
उन्हाळ्यातल्या तापात उजवा कान गेला. डावा जेमतेम उरलाय, त्यात यंत्र. वरून केस सोडते. इथे प्लोव्दिव शहरात, कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नाही.

गावी सांगितलं होतं. त्या दिवसापासून आत्या माझ्याशी बोलतच नाही. आईला विचारते, माझ्याच समोर — "जेवली का गं ही?"

१४ नोव्हेंबर
विद्यार्थी कक्षात गेले. काचेमागची बाई मान खाली घालून बोलते. दोनदा "काय?" म्हटलं. तिसऱ्यांदा तिने मान वर केली तेव्हा कळलं — "झोपेत आहेस का गं पोरी?" रांगेतले हसत होते. हसणं दिसतं.

गैरहजेरी माफ करण्याचा अर्ज दिला तिने. खाली ओळ : अपंगत्वाचा दाखला जोडा. घडी करून खिशात घातला. भरला नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज कुणाशीही एक शब्द बोलले नाही. बेकरीत बनित्सा, ती चीजची पेस्ट्री, घेताना एक बोट वर केलं. बेकरीवालीने एक दिली.

१८ नोव्हेंबर
आईचा मेसेज — मैत्रिणी झाल्या का?
लिहिलं — खूप!

१९ नोव्हेंबर, मंगळवार
तास संपल्यावर सरांपुढे जाऊन उभी राहिले.

"तू नव्हतीस," सर म्हणाले.

"होते सर. दुसऱ्या बाकावर."

"मग काय, तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"मला ऐकू येत नाही, सर."

बहुतेक ओरडलेच. माझा आवाज मला मोजता येत नाही. दारापर्यंत गेलेली पोरंसुद्धा वळली.

सरांनी पेन खाली ठेवलं. तोंड माझ्याकडे करून, सावकाश — "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की लोक बोलायचे थांबतात."

त्यांनी तिन्ही खुणा खोडल्या. "चूक माझी. पुढल्या वेळेपासून कागद फिरवू, सगळ्यांनी सह्या करायच्या." सर्वांसमोर म्हणाले!

परीक्षा वाचली. तरी घरी येऊन रडले. आता सगळ्यांना ठाऊक झालं. आता कोण बोलणार?

२६ नोव्हेंबर, मंगळवार
कागद फिरला. माझ्या मागे बसणारी व्यारा उठून समोर आली, माझ्या वहीत लिहिलं — "सत्र सुरू झाल्यापासून दर तासाला तुला मागून हाक मारतेय, कॉफीला येतेस का म्हणून. वाटलं, भलतीच शिष्ट आहेस!"