हिरव्या बाईची नजर

१ मे, सकाळ
आजपासून रोजनिशी. दिग्दर्शकाने ती ठेवावी, म्हणजे पुढे अभ्यासकांना अंदाज बांधत बसावं लागत नाही. हयातीत कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.
कॉलेजला सुट्टी लागली. एरवी मी तिथे संख्याशास्त्र शिकवतो. उद्यापासून तिथेच माझ्या सिनेमाचं शूटिंग. परग्रहावरची एक बाई विद्यार्थिनीच्या वेषात कॉलेजात येते, पुरुषांना भुलवते आणि नुसत्या नजरेने त्यांचा मेंदू शोषून घेते. पूर्वतयारी म्हणून या जातीचे सिनेमे बघितले. एकजात भिकार. तोकड्या कपड्यांतल्या हिरव्या बायका, पत्र्याची यानं आणि कॉलेजातली पोरं चाळिशीची. काही सिनेमे दोनदा बघावे लागले, भिकारपणा नीट लक्षात यावा म्हणून. माझा तसा नसेल. माझ्याकडे हिरवी बाई म्हणजे आधुनिक माणसाचं एकटेपण. लोक घाबरतील, विचार करतील आणि गप्प घरी जातील.
संकल्प: आवाज चढवायचा नाही, चहा दिवसाला दोनच, कुणाचीही सूचना ऐकायची नाही.

१ मे, दुपार
सिनेमा का करतोय त्याचं खरं कारण. लग्नाच्या आधी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी एका एकांकिकेत होतो. ही पहिल्या रांगेत बसली होती. तेव्हा तिने जसं बघितलं, तसं लग्नानंतर एकदाही बघितलेलं नाही. आता गॅस बंद केलाय ना, हे जसं बघते तसं माझ्याकडे बघते. सिनेमा लागला की बघेल. तेवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. जगाचं कल्याण होईल ते वेगळं.

२ मे
निर्माता माझा मेहुणा. त्याचा गाद्यांचा कारखाना आहे. कलेशी संबंध एवढाच की माणसं त्याच्या मालावर झोपतात. अट घातली की प्रत्येक सीनमध्ये एक गादी दिसली पाहिजे, लेबलसकट. मी विचारलं, अंतराळयानात गादी कशाला? तो म्हणाला, "दाजी, एवढ्या लांबून आलेली बाई टेकणार कशावर?"
मान्य केलं. गादी म्हणजे सुखाचा सापळा, असा अर्थ लावता येतो. त्याला सांगितला नाही. गाढवापुढे गीता कशाला वाचा.

३ मे
कॅमेरामन लग्नाचे व्हिडिओ काढणारा. मेहुण्याच्या ओळखीचा. पहिल्या खुनाच्या सीनला मरणाऱ्याला म्हणाला, थोडं हसा. तो हसला. एकूण तीन माणसं मेली, तिन्ही हसत. शॉट संपला की हा कॅमेरा आपोआप जेवणाच्या टेबलाकडे वळवतो, तिथे टेबल नसलं तरी.
आवाज चढवला. चहा पाच.

५ मे
नायक आमचे पी.टी.चे सर. वय चव्वेचाळीस. विद्यार्थी शोभत नाहीत असं मेहुणा म्हणाला. वारंवार नापास झालेला विद्यार्थी, असं मी संहितेत घातलं. सरांना एकच भाव येतो, छाती फुगवणे. प्रेमातही छाती, भीतीतही छाती.
नायिका नाटकातली एक मुलगी होती. होती, कारण दुपारी निघून गेली. अंगावर पुरळ उठलं. मग तिने रंगाचा डबा बघितला. तो लोखंडी गेटचा रंग होता. अंगाला लावायचा रंग वेगळा मिळतो हे आधी कुणी बोललं नाही. आजच्या पिढीत निष्ठाच नाही. तिची आई फोनवर जे बोलली ते इथे लिहीत नाही.

६ मे
नायिका नाही. मेहुणा म्हणतो, सिनेमा बंद करू आणि गाद्यांची जाहिरात काढू.
संध्याकाळी घरी धुण्याच्या मशीनचं पाणी घरभर. मशीनचा पाइप मी नेला होता, हिरव्या बाईचा सोंडेसारखा अवयव म्हणून. ही पुसत होती. मी तिला सिनेमा बुडत असल्याचं सांगितलं. ती फडकं पिळत म्हणाली, "मी करते तुमची हिरवी बाई. पण लवकर आटपा आणि माझा पाइप परत द्या."
नवऱ्याच्या स्वप्नासाठी बाई काय काय करते! तिचं वय त्रेचाळीस. पण परग्रहावर वय वेगळं मोजत असणार.

८ मे
ही विमा कंपनीत क्लेम तपासते. आज कळलं, तिथे लोक तिला का घाबरतात. हिरवा रंग तिने स्वतःच क्रीममध्ये खायचा रंग मिसळून केला, पोहायचा चष्मा कपाळावर सरकवला आणि उभी राहिली. पी.टी.च्या सरांची छाती पहिल्यांदाच खाली आली.
पण मुख्य गोष्ट जमत नाही. नजर. सगळा सिनेमा त्या एका नजरेवर उभा आहे. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात ती उभी राहते, समोर बघते आणि बघणाऱ्याचा मेंदू जातो. ही सरांकडे असं बघते, जणू त्यांची कागदपत्रं अपुरी आहेत. मी समजावलं: तहान, ओढ, युगानुयुगं ज्याची वाट बघितली ते समोर दिसतंय. ती म्हणाली, भूक लागल्यासारखं का? मी म्हटलं, त्याहून खोल. तिने डोळे मोठे केले. डोळ्यात कचरा गेल्यासारखं दिसलं. दिवसभर टेक, सगळे वाया.
तिच्यात ती आगच नाही. वाईट वाटतं, पण सत्य आहे.

९ मे
प्राचार्यांनी निरोप पाठवला की शूटिंगची परवानगी पुढे हवी असेल तर भूमिका हवी. त्यांना मरायला दिलं. गादीवर पडून मरायचं, एवढंच. पण ते मरता मरता शिक्षणाचा खालावलेला दर्जा यावर बोलू लागले. मेंदू शोषला गेल्यानंतरही बोलत होते. थांबवायला गेलो तर म्हणाले, अजून समारोप व्हायचाय. उठले तेव्हा गादी उत्तम आहे म्हणाले. मेहुण्याने ते वाक्य ठेवायला लावलं.

१० मे, सकाळ
ठरवलं. परग्रहाची उजाड जमीन चित्रित करायला सोमवारी डोंगरात जाणार. आठ दिवस. एकटाच, हातात छोटा कॅमेरा. मोठी माणसं अशीच एकटी भटकतात. युनिटला सेटवरच जाहीर करतो.

१० मे, दुपार
लिहिलंच पाहिजे.
सेटवर सगळ्यांसमोर सांगितलं की मी आठ दिवस नसेन. ही प्रयोगशाळेच्या दारात तयार उभी होती. तिने एकदा विचारलं, पूर्ण आठ? मी म्हटलं, कदाचित नऊ. मग मी अॅक्शन म्हणालो.
आणि ती नजर आली.
डोळे जड झाले, ओठ किंचित उघडले, चेहरा असा सैल पडला की मी तिला ओळखलंच नाही. लग्नवाला हसा म्हणायचं विसरला. सर वाक्य विसरले आणि ते बरंच झालं. माझ्या अंगावर काटा आला. गॅदरिंगची पहिली रांग आठवली. तीच ओढ, उलट जास्तच. आणि मी कॅमेऱ्याला अगदी चिकटून उभा होतो. ती नजर कुणासाठी होती, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. विरहाची नुसती कल्पना केली तर बाईची ही अवस्था.
मीच तिला कमी लेखलं. डोळे भरून आले. लग्नवाल्याला वाटलं, धूळ गेली.

११ मे
घरात गाणं गुणगुणतेय. माझी बॅग मी न सांगता भरली. स्वेटर, टॉर्च, अपचनाच्या गोळ्या, सगळं. दोन दिवस आधीच! माझं इतकं कधी केलं नव्हतं तिने. प्रेम दुसरं काय असतं?

१२ मे
मला राहवेना. संध्याकाळी तिला सांगितलं की मी जात नाही. तुला सोडून आठ दिवस कसा राहू, असंही म्हणालो. माझ्यासारख्या माणसाला हे बोलणं सोपं नाही. ती भरलेल्या बॅगेशेजारी पलंगावर बराच वेळ बसून राहिली. भरून आलं असावं. मी हळूच बाहेर गेलो आणि चहा केला. तिने घेतला नाही.
परग्रहाची जमीन मैदानावरच्या लांब उडीच्या वाळूत उरकणार.

१४ मे
नजर पुन्हा पाहिजे होती, शेवटच्या सीनसाठी. आली नाही. परत कागदपत्रं अपुरी. माझ्याकडे तर आधीपेक्षाही वाईट बघत होती. खऱ्या कलावंताचं असंच होतं, एकदा सगळं देऊन टाकलं की आत काही उरत नाही. जुनाच शॉट दोनदा वापरणार.
शूटिंग संपलं. पाइप परत केला. थोडा चिरलाय.

२ जून
एडिटिंग लग्नवाल्यानेच केलं. दोन सीनच्या मध्ये बदामाचा आकार उघडतो. काढ म्हटलं तर म्हणतो, सवयीने पडलं, आता निघत नाही. मेहुण्याने नावही बदललं. माझं होतं 'अंतराळातील एकांत'. आता पोस्टरवर 'कॉलेजात आली हिरवी बाई'. खाली गादी, गादीवर ही. माझं नाव गादीच्या टाक्यांत शोधावं लागतं.
संकल्प: मेहुण्याशी फक्त कामापुरतं बोलायचं. काम त्याच्याचकडे आहे, त्यामुळे बोलावं लागतं.

९ जून
कॉलेजच्या हॉलमध्ये पहिला खेळ. गच्च गर्दी. हिला मी पहिल्या रांगेत बसवलं, मुद्दाम. मी विंगेत उभा राहिलो, तेव्हासारखाच.
लोक हसले. पहिल्या खुनाला हसले, सोंडेला हसले, बदामाला हसले. प्राचार्य मरायला लागले तेव्हा मागची माणसं खुर्चीतून खाली आली. एकटेपणावरचा माझा संवाद ऐकूच आला नाही. या लोकांना हसण्यापलीकडे काही येतं का? ही पण हसत होती. भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती.
मग ती नजर आली आणि हॉल चिडीचूप झाला. कुणी खोकलं नाही. माझं सार्थक झालं. मी पडद्याकडे न बघता हिच्याकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.
शेवटी मेहुण्याने हिला माइक दिला. प्रेक्षकांतल्या एका बाईंनी उभं राहून विचारलं, ती नजर कशी आणली? मी विंगेतून दोन पावलं पुढे आलो, कारण आता माझं नाव येणार होतं.
ती म्हणाली, "त्याच वेळी हे आठ दिवस बाहेरगावी जाणार म्हणून कळलं होतं. मला समोर आमचं घर दिसलं. रिकामं."
अख्ख्या खेळात कशालाच पिकला नव्हता एवढा मोठा हशा पिकला. बायका उठून टाळ्या वाजवत होत्या. मीही वाजवल्या. मी स्टेजवर पोचलो होतो, दुसरं काय करणार.

१० जून
विनोद केला असावा. तिला विनोदाचं अंग आहे. विचारणार होतो, विचारलं नाही.

२० जून
मेहुणा दुसरा भाग काढतोय. नायिका ही. दिग्दर्शन लग्नवाला, लोकांना बदाम आवडले म्हणे. मला लोकेशन शोधायचं काम दिलंय. लोकेशन हाच सिनेमाचा प्राण असतो, हे मी पूर्वीपासून म्हणत आलोय. म्हणत आलोय असं वाटतं.
डोंगरात जायचं आहे. मेहुण्याने विचारलं, "दाजी, किती दिवस लागतील?" मी बोलायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर आलं, पंधरा.

२२ जून, बसमध्ये
सकाळी बॅग दाराशी तयार होती. स्वेटर, टॉर्च, गोळ्या. फाटकापर्यंत गेलो. वळून बघायचं नाही असा संकल्प केला होता. वळलो.
ती दारात उभी होती. डोळे जड, ओठ किंचित उघडे, चेहरा सगळा सैल. तीच नजर, पहिल्याच टेकला. कॅमेरा नव्हता, लाइट नव्हता, हिरवा रंगही नव्हता. वीस वर्षं जिची वाट बघितली ती नजर मी एकट्याने बघितली.
मी हात केला. तिनेही केला आणि दार लावून घेतलं.