अग्रलेखाची कोरी जागा

नागपूर, शनिवार, २८ जून १९७५

आज पेपरात अग्रलेखाची जागा कोरी आली. एक अक्षर नाही. हिनं विचारलं, "अहो, एवढी जागा कोरी काहून सोडली? शाई संपली का?" आणीबाणी लागली, पेपरांवर सेन्सॉर बसला, एवढंच कसंबसं सांगितलं.

गेल्याच आठवड्यात वाचनालयात मी आफ्रिकेच्या भवितव्यावर तासभर बोललो. दहा वर्षांत तिथं काय होईल? विरोधक तुरुंगात, पेपर गप्प, लोक स्वतःच्या घरातसुद्धा हळू बोलतील. अगदी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू जोसेफ, केनियाहून शिकायला आलेला, पहिल्याच रांगेत होता. त्यानं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

आज संध्याकाळी तो खाली आला. ती कोरी जागा कितीतरी वेळ बघत राहिला. इथली बोली त्यानं पक्की उचलली आहे. म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं ते सारं होऊन राहिलं. खंड तेवढा चुकला."

चांगलं मोठ्यानं म्हणाला. मी काय केलं? एवढ्या उकाड्यात उठलो, खिडकी लावली, कडी घातली आणि कुजबुजलो, "हळू बोल, जोसेफ."