तिकडं कुणी विचारत नाही

प्रिय विश्वजीत,

मेसेजमध्ये माझं बोलणं तुटतं. मी एक सांगायला घेते, तू मधेच ‘हो ग’ टाकतोस, आणि जे सांगायचं ते राहून जातं. पत्रात तुला मधे बोलता येणार नाही, हे एक बरं आहे.

तुझा गेल्या आठवड्यातला मेसेज मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. ‘वाकडला वन बीएचके मिळालाय. महिनाअखेर निघून ये. लग्न इकडंच उरकू, घरी नंतर सांगू. इकडं कुणी कुणाला काही विचारत नाही.’ त्यावर मी नुसता अंगठा पाठवला आणि तू त्याला हो समजून गादी बघायला गेलास. तो अंगठा हो नव्हता रे. वाचलं, एवढंच होतं त्यात.

मी येणार नाही. आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझ्याशी लग्न करणार नाही असं मी म्हटलेलं नाही. पुण्याला येणार नाही म्हणते आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, गल्लत करू नकोस.

विद्यापीठाच्या रस्त्यावर लिंबाखाली स्कूटी लावून लिहिते आहे. शेजारी लॅबचा डबा. त्यात हर्सूलच्या दोन म्हाताऱ्यांचं आणि एका गरोदर बाईचं रक्त आहे, बर्फ आहे, तासभर काळजी नाही. बी.ए.चं पहिलं वर्ष कसंबसं काढलं, दुसऱ्याला वर्गात पाय ठरेनात. आई म्हणते माझ्या तळपायाला चाकं आहेत. असू देत. त्या चाकांवर मी रोज पडेगाव ते मुकुंदवाडी करते आणि या शहराचं रक्त तपासायला नेते. तुझं पण नेलं होतं. तू डेंग्यूनं हॉस्टेलवर आडवा होतास, फॉर्मवर गाव पाचोड लिहिलं होतं, आणि मी काय विचारलं होतं आठवतं? कुणाचा रे तू? तू म्हणालास, तात्यासाहेबांचा. मी म्हटलं, माझा बाप कडुबा तुमच्या मोसंबीच्या बागेत कामाला होता. ताप एकशेतीन असताना तू उठून बसलास. आपलं सगळं त्या एका विचारण्यातून सुरू झालंय, आणि आता तू मला म्हणतोस चल, कुणी विचारत नाही तिथं.

इथं विचारतात. पत्ता विचारला तर आधी, कुणाकडं जायचंय? शेअर रिक्षात बसलं की रिक्षावाला ओरडत असतो, आओ आओ, सिडको, एक सीट बाकी, आणि त्या एका सीटवर येऊन बसणारा निघतो माझ्या आत्याचा दीर. बोर्डावर शहराचं एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं, पाचोडची माणसं तर नुसतं ‘सिटीत चाललो’ म्हणतात. आठ आठ दिवसांनी नळाला पाणी येतं आणि त्या दिवशी पाहुण्यांना तोंडावर सांगतात, गुरुवारी नका येऊ, पाणी आहे. पुण्यात सांगून बघ असं कुणाला. आणि रस्ते! पाइपलाइनसाठी खणले, बुजवले, पुन्हा खणले. माझ्या स्कूटीला एक एक खड्डा नावानं माहीत आहे. पण ते जाऊ दे, मी कुठं निघाले होते आणि खड्ड्यात गेले.

सांगत होते की इथं माणूस हरवत नाही. शहर वाढलं म्हणतात, इथल्या सातारा परिसराच्या पार पलीकडं गेलं, पण लपायला अजून पुरत नाही. म्हणून तर आम्ही पोरी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये बांधतो. ऊन आणि धूळ हे घरी सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे सिग्नलला शेजारी येऊन थांबणारा मामा. दोन वर्षं मी तुझ्यामागं त्या स्कार्फात बसले. गोगाबाबा टेकडी बघितली ती स्कार्फातून, दौलताबादचा घाट स्कार्फातून. भजी खाताना तेवढा खाली ओढायचा, घास घ्यायचा, परत वर. तू हसायचास. मला तेव्हा मजा वाटायची. आता वाटत नाही.

मागच्या महिन्यात दोन दिवस तुझ्याकडं आले होते, तेव्हाचं एक बोलायचं राहिलंय. ते घर बघायला आपण गेलो. मालकीणबाईंनी चहा केला, आलं घातलेला, चांगला होता, बाई पण वाईट नव्हत्या. त्यांनी विचारलं, मुलगी कुठली? तू म्हणालास, आमच्या पाचोडचीच. त्यांनी हसून विचारलं, म्हणजे कुणातली? आणि तू श्वाससुद्धा न घेता म्हणालास, आमच्यातलीच. माझं बिस्किट कपात बुडालं. ते चमच्यानं काढायच्या नावाखाली मी मान वर केली नाही. तुला वाटलं मला कळलं नाही, किंवा कळलं तरी चालून गेलं. परतीच्या बसमध्ये नगर येईपर्यंत मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. नगरला वडापाव खाल्ला, आणि इथपर्यंत पुन्हा भांडले.

म्हणजे तिकडंही विचारतातच, विश्वजीत. फक्त तिकडं खोटं पचतं. इथं पचत नाही. एवढाच फरक आहे दोन शहरांत, आणि त्या फरकासाठी तू महिन्याला भाडं भरणार आहेस. मी त्या बाईंच्या घरात रोज ‘आमच्यातली’ होऊन राहू? माझ्या आईला तिथं येऊ द्यायचं तर तिच्या गळ्यातलं बाबासाहेबांचं छोटं लॉकेट पदराखाली घालायला सांगू? तू सांगणार आहेस का तिला? मी तर नाही सांगणार.

आता नवीन बातमी. शनिवारी गुलमंडीतल्या डॉक्टरांकडून सॅम्पल घेऊन निघाले, तर कापडाच्या दुकानाच्या पायरीवर तुझी आई. द्वारकाबाई स्वतः, सोबत तुझी चुलतबहीण मोनिका आणि चार पिशव्या. मी मान खाली घालून गाडी काढली, तर मागून हाक आली, ए पोरी, थांब जरा, लॅबवाली! थांबले. तर म्हणतात, तोंड तर दाखव बाई, का चंबळच्या खोऱ्यातून आलीस? मोनिका फिसकन हसली. मी स्कार्फ सोडला. बाजारात, भर दुपारी, सगळा सोडला आणि हँडलला बांधला. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, कडुबावर गेली नाय तू, आईवर गेली, गीतावर. घाम किती आलाय, घे पाणी पी. आणि त्यांनी स्वतःची बाटली पुढं केली. मी तोंड लावून प्यायले. मुद्दाम. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. बाटली परत घेतली, झाकण लावलं, पिशवीत ठेवली. पुढं त्यातलं प्यायल्या की नाही मला माहीत नाही, मी मागं वळून बघितलं नाही.

पण त्याआधी बोलल्या ते ऐक. म्हणाल्या, दोन साल झाले मला ठावं हाय. तुमचा ट्रॅक्टरवाला सांडू आहे ना, त्यानं दौलताबादच्या घाटात आपल्याला बघितलं होतं. तुला गाडीवरून ओळखलं, आणि मग मागं बसलेली ती कडुबाची लॅबवाली पोरगी, हे शोधायला काय लागतं? मी विचारलं, तात्यासाहेबांना? तर एकदम आवाज चढला. म्या कशाला सांगू? ज्याचं हाय त्यानं सांगावं. का जीभ पुण्यात गहाण ठेवून आलाय? मग आवाज जरा खाली आला. हे बघ पोरी, मी हो म्हणत नाय, आत्ताच सांगून ठेवते, मागून म्हणू नको की द्वारकाबाईनं कबूल केलं व्हतं. माझ्या मनात लई गोष्टी हायेत. पण पळून जाऊ नको. पळाली तर समदे तुलाच म्हणतील, त्याला कुणी नाय म्हणायचं. यायचं तर समोरून या, मग भांडू.

मग भांडू! मला तर ती बाई आवडली. तुझ्यापेक्षा जास्त, खरं सांगते, त्या दिवसापुरती तरी.

आणि आपण कुणापासून लपत होतो रे? तुझ्या आईला माहीत, सांडूला माहीत म्हणजे पाचोडच्या निम्म्या बाजाराला माहीत. फक्त तुला एकट्याला वाटतं की गुपित आहे.

त्याच संध्याकाळी मी घरी सांगितलं. आई पीठ मळत होती, तिचा हात थांबला नाही. म्हणाली, त्याला चहाला बोलाव. कप आपल्याकडंबी हायेत, बघू कुणातली म्हणून सांगतो ते. (तो मालकीणबाईंचा किस्सा मी आधीच सांगून बसले होते, तुला राग आला तर येऊ दे.) बापानं टीव्ही बंद केला. तू त्याला कधी बोलताना ऐकलं नाहीस, पंधरा वर्षं चिकलठाण्याला मशीनच्या आवाजात काढली त्यानं, घरी कमीच बोलतो. म्हणाला, मी पाचोड सोडलं ते बाजाराच्या दिवशी सोडलं, रूपा. भर दिवसा. टेम्पोत सामान, वर तुझा पाळणा. जो तो इचारत होता, कुठं चालला रे कडुबा? मी थांबून थांबून सगळ्याला सांगितलं, सिटीत चाललो, आता कुणाच्या बागेत राबणार नाय. तात्यासाहेबालाबी सांगितलं. तू जा, कुठंबी जा. पण कुणी इचारलं कडुबा, पोरगी कुठं गेली, तर मला सांगता आलं पाहिजे.

एवढंच. मग टीव्ही लावला.

माझा बाप एकदा निघालाय, विश्वजीत. ताठ मानेनं निघाला आणि इथं येऊन थांबला. या शहरात त्यानं भीमनगरात दोन खोल्या बांधल्या, दारावर पूर्ण नावाची पाटी लावली. तिथून पुढं मी चोरासारखी निघू? पुणं मोठं असेल. मला मोठ्याचं काही पडलेलं नाही. मला ओळख असलेल्या गावात, ओळखीच्या तोंडांसमोर, तोंड उघडं ठेवून तुझ्यामागं गाडीवर बसायचंय. सिग्नलला मामा आला तर मी म्हणेन, मामा, हा विश्वजीत. बस. नोकरी तुझी तिकडं आहे ते मला कळतं. शनिवार-रविवारी येत जा, इथं बघत राहा, किंवा पुढं कधी मीच म्हणेन चल पुण्याला, माझ्या तळपायाचा काय भरवसा. पण ते लग्नानंतर, सगळ्यांना सांगून, दिवसा.

आता पत्रच का, ते सांगते. यासोबत एक कागद आहे, आणि कागद काही मेसेजमधून येत नाही. काल मी विवाह नोंदणीच्या ऑफिसात गेले होते, इथल्या. तो नोटिशीचा फॉर्म आहे. दोघांच्या सह्या झाल्या की ती नोटीस तीस दिवस बाहेरच्या फळ्यावर लागते, दोघांची नावं, पत्ते, सगळ्यासकट. तू नोटीस पुण्यात देऊ म्हणत होतास ती या फळ्याच्या भीतीनं, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या आवारात पैठण तालुक्यातलं कुणी ना कुणी रोज येतं. येऊ दे, थांबून वाचू दे. माझी बाजू मी भरली आहे. रूपा कडुबा साळवे, पत्त्यासह. सही जरा मोठी झालीय, चौकटीबाहेर गेलीय. आज मंगळवार, तुला हे शुक्रवारपर्यंत मिळेल. रविवारी पाचोडला जा आणि तात्यासाहेबांना तुझ्या तोंडानं सांग. सोमवारी अकरा वाजता मी त्या फळ्यापाशी उभी असेन. कागद पोस्टानं परत पाठवू नकोस, घेऊन ये. नाही आलास तर मी फोन करून कारण विचारणार नाही, तुझं उत्तर कळलं असं समजून तिथून निघेन. उजवीकडची चौकट कोरी ठेवली आहे. तुझं नाव तिथं मलाही लिहिता आलं असतं, अक्षर माझं तुझ्यापेक्षा चांगलं आहे. पण ते तुझ्या हातानं यायला पाहिजे.

तुझीच, आणि इथलीच,
रूपा