आणखी एक सीझन

१९ जाने., पोलंड
डोकं अजून जड. शुक्रवारच्या आइस हॉकीच्या मॅचमध्ये रिंकच्या कोपऱ्यात कडेच्या बोर्डवर आपटलो. पक, ती रबरी चकती, कुठे होता, आठवत नाही. याआधी डेन्मार्कला एकदा, स्लोव्हाकियात एकदा, पण तेव्हा आठवड्यात बर्फावर परत होतो. आता खोलीचा पडदासुद्धा उघडवत नाही.
मराठीत लिहितोय. टीममधल्या कोणाला वाचता येणार नाही.

२ फेब्रु., लेस्टर
घरी. क्लब म्हणाला, जा, विश्रांती घे. काँट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपतंय. जूनमध्ये चौतीस पूर्ण. डिफेन्समनला चौतीस म्हणजे...
आई दारातच डोक्यावरून हात फिरवायला गेली, आणि मधेच थांबली. "इथे दुखतं का रे?" बाबांनी स्केट्सची बॅग उचलली. "परत कधी सुरू?" एवढंच विचारलं.

११ फेब्रु.
आईबरोबर बेलग्रेव्ह रोडला भाजी आणायला. दुकानातले दिवे सहन होईनात. एका हातात मेथी, एका हातात कोथिंबीर. कुठली हवी होती तेच आठवेना. आईने दोन्ही जुड्या घेतल्या.

२० फेब्रु.
बाबांनी कॉव्हेंट्रीच्या रिंकवर नेलं. शाळेत असताना पहाटे याच रस्त्याने यायचो. पुण्यातला माणूस, बर्फ पाहिलेला फक्त रसवंतीत, पण माझ्यासाठी काचेपलीकडे कानटोपी घालून कुडकुडत उभा राहायचा. आजही तिथेच.
सरळ जाताना छान. पाय काही विसरले नाहीत. वळलो आणि सगळं रिंक कलंडलं.
"थकलास. होईल हळूहळू."
"हो बाबा."

५ मार्च
एजंटचा फोन. इंग्लंडमधला एक क्लब मला घ्यायला तयार, घरापासून जवळ. फक्त स्पेशालिस्टने फिट म्हणायला हवं. बाबा खूश. "सगळ्या मॅचेस बघेन, एकही सोडणार नाही."
नंतर किचनमधून आईचा आवाज. "अजून किती डोकं फोडून घ्यायचं त्याने?"
"एक सीझन गं. फक्त एक. घरी राहून खेळेल."
मी हॉलमध्ये. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबांच्या बाजूने बोललो असतो.

१४ मार्च
टेस्टची तयारी. प्रश्न पाठ आहेत. डोकेदुखी? नाही. झोप? उत्तम. चक्कर? छे.

२२ मार्च
केंब्रिज. स्पेशालिस्ट बाई शांत, चांगल्या. बाबा माझ्याबरोबर आत. सगळी उत्तरं दिली, अगदी ठरवली होती तशी. बाई खूश दिसल्या. मग बाबांकडे वळल्या. घरी काही वेगळं जाणवलं का?
मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे नाही.
सावकाश, त्यांच्या त्या इंग्रजीत म्हणाले, "काल हा गाडीची किल्ली शोधत होता. परत परत मलाच विचारत होता. किल्ली याच्याच हातात होती."
बाईंनी पेन खाली ठेवलं. खेळणं बंद, म्हणाल्या. पुन्हा मार बसला तर काय होईल तेही सांगितलं. ते मी नीट ऐकलं नाही.

कार पार्कमध्ये विचारलं, "का बोललात?"
बाबांनी गाडी सुरूच केली नाही. "पहिल्यांदा बर्फावर मीच नेलं ना तुला." मग स्टीअरिंगवर कपाळ टेकून रडले. आजी गेली तेव्हाही रडले नव्हते.
मी हात लावला नाही. राग आला होता. अजून आहे.

३० मार्च
इंग्लंडच्या क्लबचा नकार. सभ्य भाषेत. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती, लहानपणी मॅच हरलो की करायची. बाबा समोर बसून जेवले. मीठ द्या, पाणी द्या, एवढंच बोलणं.

९ एप्रिल
एजंट. रोमानियातल्या क्लबला डिफेन्समन हवाय. "तिथे फारसे प्रश्न विचारत नाहीत," म्हणाला. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. घरात सांगितलेलं नाही.
दुपारी बाबा बागेत गुलाब छाटत होते. न वळताच म्हणाले, "आज डोकं कसं आहे?"
"बरं आहे."
आता वळले. "खरं सांग."
"खरंच बरं आहे, बाबा."
आणि होतंच. सकाळपासून अजिबात दुखलं नाही. एकदम स्वच्छ. बाबांचा विश्वास बसला, चेहऱ्यावर दिसलं. रोमानियाचं त्यांना ठाऊक नव्हतं. मला तिथे उभं राहवेना.