कोपरापासून बोटापर्यंत

बाबा,

परवा मी रायफल घेतली. डाव्या हाताची. जी जगात बनतच नाही असं तुम्ही म्हणायचात, ती. आणि ती बनते हे तुम्हाला माझ्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, हे मला त्या दुकानात उभ्याउभ्या कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुणाशी? आई म्हणते, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी म्हटलं, मग त्या माणसानं जायच्या आधी सांगून जायचं होतं. तिनं पोळीचा तुकडा तोडला आणि आमटीत बुडवला. म्हणून तुम्हालाच लिहायला घेतलं आहे.

पहिल्यापासून सांगते. तुमच्या जावयांनी रिटायर झाल्यावर करोंदच्या मंडीच्या बऱ्याच पुढे थोडी शेती घेतली. हौस दांडगी, अनुभव शून्य. मका उभा राहिला आणि रानडुकरांनी तो उलथापालथा केला. शिकार केव्हाचीच बंद झालीय, पण पीक नासवणाऱ्या डुकरांसाठी सरकारी परवानगी मिळते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून ती काढली आणि मग बंदूक चालवता कुणाला येते याची शोधाशोध सुरू झाली. तुमची जुनी रायफल तुमच्यामागे माझ्या नावावर झालेली, लायसन्स माझं, तेव्हा सगळ्यांची बोटं माझ्याकडे. मी! जिची नजर चंचल आहे ती! मला हसूच आलं. पण नाही म्हणवेना, म्हणून सराव करायला तुमच्या जुन्या नेमबाजीच्या क्लबाच्या रेंजवर गेले.

तुम्ही शिकवलंत तसंच सगळं केलं. दस्ता उजव्या खांद्याला, गाल टेकवलेला, डावा डोळा मध्ये येऊ नये म्हणून चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी. गोळ्या कुठे गेल्या देवाला ठाऊक. शेवटी चिडून मी पट्टी ओरबाडून काढली आणि दस्ता डाव्या खांद्याला लावला. बाबा, नेम आपोआप जाऊन बसला. नवी चप्पल पायात घालावी आणि ती चावूच नये, तसं झालं. अडचण बोल्टची. तो उजवीकडे, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर डावा हात ट्रिगर सोडून रायफलीच्या वरून पलीकडे न्यायचा, बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. तोवर डुक्कर विदिशा गाठेल. वर रिकामं काडतूस गरमागरम नाकासमोरून जातं. रेंजवरच्या एका मुलीनं सांगितलं, आंटी, आता सरळ ओढीच्या रायफली येतात, उचलणं-दाबणं काही नाही, नुसतं मागे आणि पुढे. आणि हो, डाव्या बाजूला बोल्ट असलेल्यासुद्धा मिळतात. मी तिला खुळ्यासारखं विचारलं, डाव्या हाताच्या बनतात? ती म्हणाली, पहले से बनती हैं आंटी.

तेव्हाही मला तुमचा संशय आला नाही, हे लिहून ठेवते. मला वाटलं, त्या काळी इथे माहीत नसेल कुणाला. कारण माझा डावा हात घरात कुणी सांभाळला असेल तर तो तुम्ही. तुलसी नगरचं ते सरकारी क्वार्टर, त्यातलं ते चिंचोळं स्वयंपाकघर. मी डाव्या हातानं वरण-भात कालवते आहे, आई उलथनं उगारते आहे, नागपूरहून आलेली आत्या म्हणते आहे की हिला सासरी हळदीकुंकू लावायला कोण बोलावणार. आणि तुम्ही ऑफिसचे बूट काढता काढता म्हणता, "डावरी तर डावरी. खाऊ दे तिला ज्या हातानं खाते." मला शाळेतली कात्री चालायची नाही, कागद दुमडायचा, तर तुम्ही कुठून कुठून विचारत माझ्यासाठी डाव्या हाताची कात्री आणलीत. लाल मुठीची. अख्ख्या वर्गात तशी कुणाकडे नव्हती. तळहातावरच्या फोडासारखं जपलंत मला. म्हणूनच क्लबात पहिल्या रविवारी तुम्ही म्हणालात, "बंदूक मात्र डाव्यासाठी बनत नाही गं, उजव्या खांद्याची सवय कर," तेव्हा मी मान डोलावली. ज्या बापानं कात्री शोधून आणली तो बंदूक असती तर आणणार नाही का? हा माझा हिशोब. आणि बंदुकांच्या कपाटाची किल्ली तर तुमच्याच खिशात.

तर ते दुकान. जुन्या शहरातलं, तुम्ही क्लबाच्या बंदुका दुरुस्तीला न्यायचात तेच. तेव्हाचा तरणा मालक आता पांढऱ्या दाढीचा झालाय, पण हात अजून स्थिर. त्याच्याकडे सरळ ओढीच्या दोन होत्या, कुणा नेमबाजांनी परदेशातून आणून आता विकायला ठेवलेल्या. एकीचा बोल्ट उजवीकडे, एकीचा डावीकडे. तो मला उजवीच घ्या म्हणत होता. "सीधा खींचना है मैडम, टेक लगाकर दाएँ हाथ से भी खिंच जाएगी। और कल को बेचनी हुई तो बाएँ हाथ वाली का गाहक कहाँ ढूँढेंगी?" मी दोन्ही खांद्याला लावून पाहिल्या. डावीला बोट न हलवता सगळं जागच्या जागी. मी म्हटलं, बेचनी नहीं है, यही दीजिए. दस्ता थोडा लांब वाटला, तर तो टेप घेऊन आला. "कोहनी मोड़िए." आणि त्यानं माझ्या डाव्या हाताचं कोपराच्या खळगीपासून ट्रिगरच्या बोटापर्यंत माप घेतलं.

बाबा, हे माप तुम्ही घेतलं होतंत. मला तो क्षण अख्खाच्या अख्खा आठवला. आई पोळ्या लाटते आहे, मी ओट्याला टेकून उभी आहे, मी अकरावीत आहे, क्लबातली निवड चाचणी महिन्यावर आली आहे, आणि तुम्ही आईच्या शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन येता. "डावा हात दे. कोपर दुमड." मी विचारते, कशाला? तुमच्या चेहऱ्यावर असं दाबून धरलेलं हसू. "असंच. किती वाढलीस बघतो." मला वाटलं स्वेटर आणणार आहात. स्वेटर काही आला नाही, मीही विसरले. हे मी त्या दुकानदाराला सहज सांगितलं, की माझ्या वडिलांनीही एकदा असंच माप घेतलं होतं. त्यानं विचारलं कोण वडील, मी तुमचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला.

"अरे! तो वो नाप आपका था! हमीं को तो दिया था। बोले, बिटिया लेफ्टी है, उसके हिसाब से दस्ता छोटा कर दो।"

"कौन-सी रायफल का?"

"वही, बाएँ हाथ वाली। किसी पुराने शिकारी के घर से आपके क्लब को मिली थी ना। हमने काट भी दिया था। फिर हफ़्ते भर में वापस ले आए, कि अब बढ़ाना है, बड़े साहब के लड़के को देनी है। वो भी लेफ्टी था। कटे दस्ते में लकड़ी जोड़नी पड़ी, जोड़ साफ़ दिखता था।" आणि मग अगदी कौतुकानं, "उसी के बाद तो तबादला रुका था उनका। मिठाई लाए थे यहाँ।"

त्या बिचाऱ्याला वाटलं मला हे सगळं ठाऊक असणार. मिठाई! ते पेढे मीच वाटले होते, बाबा. पार झाबुआला झालेली तुमची बदली रद्द झाली म्हणून तुलसी नगरच्या आपल्या अख्ख्या रांगेत घरोघर डबा घेऊन मी फिरले होते, आणि वाटून उरलेले दोन मीच खाल्ले होते. वा रे वा! माझ्या मापानं कापलेली रायफल साहेबाच्या बंगल्यावर, आणि पेढे माझ्या हातात.

आईला त्याच संध्याकाळी विचारलं. तिला माहीत होतं. म्हणाली, "घर राहिलं, तुझी शाळा राहिली. साहेबानं शब्द टाकला, त्यांना नाही म्हणता आलं नाही. बंदुकीनं काय पोट भरतं?" खरं आहे. मी संसार केलाय, मला कळतं. साहेबापुढे कारकुनाचं काय चालतं तेही मी नोकरीत बघितलंय. तुम्ही मला समोर बसवून सांगितलं असतंत ना, की बाई गं, ती तुझ्यासाठी आणली होती पण अशी अशी वेळ आलीय, तर मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मग दिली असती. रायफल दिलीत ते मी आजही पोटात घालीन.

पण त्यानंतरचं नाही. चाचणीच्या दिवशी उजव्या खांद्यावरून, चांगल्या डोळ्यावर तुम्हीच चिकटवलेली पट्टी घेऊन मी नेम धरायला आडवी झाले आणि सगळ्यात शेवटी आले. टार्गेट घेऊन आले ते घाबरून चार घड्या घालून. तुमची जागा ठरलेली, माझ्या मागे. तुम्ही नेहमीसारखा हात पुढे केलात, "बघू." मग घड्या बघून आधी त्यावरूनच बोललात, टार्गेटची घडी घालायची नाही, किती वेळा सांगितलंय. परत येताना स्कूटरवर मी मागून म्हटलं, बाबा, मला त्या बाजूनं दिसतच नाही. आणि तुम्ही मान न वळवता म्हणालात, "रायफलला दोष देऊ नकोस. नजर चंचल आहे तुझी." त्या वेळी तुम्हाला माहीत होतं! ती दुसरी रायफल कुठे आहे, कोण चालवतंय, कुणाच्या मापाची होती, सगळं माहीत होतं, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांवर खापर फोडलंत. केसानं गळा कापलात, बाबा. मी ते वाक्य खरं मानलं. पुन्हा रेंजवर पाऊल टाकलं नाही. गाडी चालवायला शिकले नाही, कारण नजर चंचल. ऑफिसात पुढची खुर्ची आली तेव्हा नको म्हटलं, मला एका जागी लक्ष ठेवणं जमायचं नाही म्हणून. सुनेला सुई ओवायला देते. साहेबाचा मुलगा पुढे काय झाला मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. मला माझी नजर परत हवी होती, ती तुम्ही पंचवीस वर्षं समोर चहा पीत बसलात तरी दिली नाहीत.

काल सकाळी नवी रायफल घेऊन रेंजवर गेले. पट्टी नाही. डावा खांदा. बोल्ट मागे, पुढे, गाल जागचा हलला नाही. सगळ्या गोळ्या एका पुरीएवढ्या जागेत. ती मुलगी ओरडली, "आंटी, गज़ब!" माझे डोळे भरून आले, आनंदानं की संतापानं ते मला सांगता येणार नाही. ठीक होती माझी नजर. अगदी ठीक होती.

तुमच्या फोटोला हार मी घालते, या आठवड्यात घातला नाही, पुढच्या आठवड्याचं बघू. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती तरी मी धाडलं नसतं, कारण तुम्ही यावर काहीतरी शहाणपणाचं बोलला असतात आणि मी पुन्हा मान डोलावली असती. फक्त एक गोष्ट आहे, ती ना आईला सांगितली ना तुमच्या जावयांना. काल टार्गेट काढून हातात घेतलं आणि मी मागे वळले, हात पुढे करून. मागे कोणी नव्हतं. मग ते तसंच सरळ धरून, बसमध्ये दोन्ही हातांत सांभाळत घरी आणलं. त्याला मी एकही घडी पडू दिली नाही.