मेलेल्या डॉक्टरले चहा

३ नोव्हेंबर

पुस्तकातल्या चित्रात डॉक्टर मरून पडला, छातीत सुरा, अन् वाचताना हे त्याले चहा पाजून राहिले!

मी तुरीची डाळ निवडत होते. म्हटलं, "अवो, मेलेल्याले चहा?" तर म्हणतेत कसे— "यमुना, चित्रकार उतावळा होता. पुढचं आधीच काढून ठेवलं त्यानं."

त्या चित्रकाराले धरून आणाले पाहिजे.

४ नोव्हेंबर

हे कोणाले दाखवाचं नाही. नातीनं, प्रज्ञानं, फोनातलं बटण दाखवलं— "आजी, तू बोल, फोन लिहिते." मले अक्षर येत नाही, म्हणून तर बुढ्याचं फावलं.

तिगाव स्टेशनावर यांची नोकरी होती, तेव्हा हे नागपूरहून जुनं रहस्याचं पुस्तक घेऊन आले. तेव्हापासून दर हिवाळ्यात जेवण झालं की तेच वाचून दाखवतेत. चष्मा नाकावर, तोरा कलेक्टरचा! शेवट मात्र कधी सांगत नाहीत. "खुनी समजला तर पुढच्या वर्षी तू ऐकशील का?"

अक्षरं त्यांची असतील, चित्रं सगळी माही. काळ्या शाईची, बारीक रेघांची. कंदीलवाला माणूस, त्याच्याहून मोठी त्याची सावली. पडद्यामागची बाई— नुसते पायाचे अंगठे दिसतेत. कोणत्या चित्राले काय गोष्ट, मले पाठ आहे. मग यंदाच गडबड काहून?

६ नोव्हेंबर

पडद्यामागची बाई समोर, अन् वाचणं विहिरीचं! टोकलं तर पुस्तक मिटून बसले. "तूच वाच मग!"

असं बोलाचं?

७ नोव्हेंबर

रुसवा संपला. पेपर मात्र प्रज्ञाकडूनच वाचून घेतला. नातीचं वाचन सुधारते म्हणे! बी.ए.ले आहे ते. आणखी किती सुधारन?

मग आमचं पुस्तक. विहिरीत प्रेत सापडलं, अन् चित्रात लोक जेवून राहिले. मी चित्रकाराले मनातल्या मनात शिव्या घातल्या. डाळीत खडा राहिला, तो यांच्याच दाताखाली आला. बरं झालं!

१० नोव्हेंबर

आज कंदीलवाला डोक्यावर उभा होता. सावली वर आभाळात. अन् हे खणखणीत वाचून राहिले होते.

डाळीतला हात थांबला माहा.

पान पलटलं. बग्गीचा घोडा— तोही चारी पाय वर. मी घोड्यावरच बोट ठेवून विचारलं, "या बाईचं नाक तुमच्या बहिणीसारखं नाही का वो?"

यांनी चष्मा काढला, पुसला. पान डोळ्याजवळ नेलं, दूर धरलं. बराच वेळ.

"हो, अगदी तसंच! मी तर पहिल्याच वर्षी म्हटलं होतं तुले."

मी म्हटलं, "हो. आज जमलं बाप्पा चित्र."

पुढचं मी ऐकलंच नाही.

११ नोव्हेंबर

पोराले, सुमेधले, फोन केला— मले दिसत नाही, नागपूरले डोळ्याच्या डॉक्टरकडं ने. सुईत दोरा अजून मीच ओवते, ते त्याले कोण सांगते!

हे लगेच उठले. समोरच्या खुंटीवरचा कोट घरभर शोधून राहिले.

"मी येतो संगं. तुले एकटीले रस्ता कसा दिसन?"